उत्तरदाती क्रमांक सात

समाजशास्त्र विभागाच्या फलकावर सूचना लावून शिपाईमावशींचे पाय भरून आले होते, तरी टाचण्या वेचायला त्या उगाच वेळ लावत होत्या. मागे दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

“मॅडमना नव्या सर्वेक्षणाला मुली हव्यात. भर की अर्ज!”

“महिनाभर बाहेरगावी राहायचंय. आईला उठवणार-बसवणार कोण?”

“दादा आहे ना?”

“त्याला स्वतःचं ताट उचलता येत नाही, आईला काय उचलतोय!”

“अगं, विषय तरी वाच. मुली शिक्षणातल्या संधी का सोडतात.”

“ठाऊक आहे. मागच्या खेपेला मलाच तासभर विचारलं होतं. ती शेजारची बातमी बघ, मॅडमच्या पुस्तकाला बक्षीस मिळाल्याची. त्यातली उत्तरदाती क्रमांक सात मीच.”

“मग मॅडमना अडचण सांग ना!”

“सांगितली की. पान बावन्नवर छापलीय.”