दीपमाळेची पंचमी

रुचा : कुर्त्याला इस्त्री करून ठेवलीय आजोबा, आणि तुम्ही अजून बनियनवरच. देर होतेय.

नरहर : तू हो पुढं. माझे गुडघे आज नको म्हणतायत.

रुचा : सकाळी तर भाजी आणलीत चालत. सच सांगा ना. बालाजी घाटाच्या दीपमाळेला आज दोनशे वर्षं झाली, मंचावर संचालन तुमची नात करतेय, आणि जिथं आपल्या घरानं दरसाल दिवा लावला तिथं तुम्हीच नाही?

नरहर : काल शेजारच्या बायका चाळणीतून चंद्र बघत होत्या ना?

रुचा : करवा चौथ होती. म्हणून तर आज पंचमी. दीपमाळेच्या दगडावर कोरलंय तेच, कार्तिक वद्य पंचमी. समितीला तारीख मीच काढून दिली.

नरहर : कुठल्या पंचांगातून?

रुचा : मोबाइलवरच्या. इथल्याच.

नरहर : आणि दगड कोरून घेणारे कुठले?

रुचा : आपले, दक्षिणेतून आलेले... थांबा.

नरहर : इथं उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, बाळ. आपला अमावास्येला. त्यांचा कार्तिक लागला. आपला आश्विन अजून चाललाय. दिवाळी व्हायचीय.

रुचा : पूरा एक महिना आधी. आजी कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी उलटल्यावर पहाटे दिवा घेऊन उतरायची. तेल मी धरायचे. तरी सुचलं नाही मला. तुम्हाला कधी कळलं?

नरहर : निमंत्रणपत्रिका दाखवलीस तेव्हा.

रुचा : मग बोलला का नाहीत?

नरहर : छापून झाल्या होत्या. आणि तू किती दिवसांनी घरात गुणगुणत होतीस. पूर्वी मी समितीच्या दारात जाऊन भांडलो असतो. आता भांडायचं म्हटलं तरी दम लागतो. चुकीच्या दिवशी सत्काराची शाल घ्यायची नाही, एवढंच ठरवलं होतं.

रुचा : मी सांगते मंचावरून. चूक माझी आहे.

नरहर : पुन्हा बोलावणार नाहीत तुला.

रुचा : न बोलावू देत. नाही सांगितलं, तर पुढच्या वर्षापासून हीच पंचमी पक्की होईल. मग आजीचा दिवस कुणाला ठाऊक राहणार?

नरहर : ...दे तो कुर्ता इकडं.

रुचा : गुडघे?

नरहर : दुखतील. एवढ्या लोकांत चूक कबूल करणार, समोर घरचं एक माणूस नको?

रुचा : आणि शाल?

नरहर : घेईन. घडी मात्र मोडायची नाही. महिन्यानं, आपल्या पंचमीला, पहाटे घाटावर गारठा असतो.