मान

काशीच्या रामघाटावर पायरीवर बसून नावेची वाट पाहणाऱ्या शरदिनीकाकूंच्या पाठीमागेच वेदपाठशाळेचे गुरुजी आणि बिंदुमाधवभटजींची जुंपली होती.

"भटजी, तुमच्या आंधळ्या ढुंढिराजला संथा कशी देऊ?"

"तोंडी. डोळस पोरांना तरी पोथी कुठे उघडू देता?"

"स्वर मानेने दाखवावे लागतात. त्याला माझी मान दिसणार आहे?"

"नव्या पोराची मान धरूनच हलवता ना?"

"चार दिवस. मग पोरं बघून शिकतात."

"याची वर्षभर धरा."

"मिशनवाले आंधळ्यांना खुर्च्या विणायला शिकवतात. तिकडे घाला."

"हळू बोला, गुरुजी. तो मागेच उभा आहे."

काकूंनी वळून पाहिलं. पोरगा चाचपत पुढे आला, गुरुजींसमोर बसला आणि मान पुढे करून थांबला.

"चलिए माताजी, नाव लग गई!"

काकू उठल्या नाहीत.