सिनेमात वन्समोर

सिनेमा चांगलाय, न्हाई म्हणत न्हाई. पण परवा थेटरात माझी फजिती झाली.

शुक्रवार पेठेत आम्ही जे संगीत नाटक करायचो, त्याचाच हा सिनेमा. नाटकात नायिका माझी बायको सुमन आणि तबल्यावर मी. वन्समोर आला की ती आधी माझ्याकडं बघायची. मी मान हलवली की मगच पद परत उचलायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

सिनेमातली बाई सुमनपेक्षा सरस गायली, खोटं कशाला बोलू? पद संपलं आणि मागनं कुणीतरी हौसेनं ओरडलं, "वन्समोर!"

माझी मान आपोआप हलली.

शेजारच्यानं विचारलं, "काका, कुणाला व्हय म्हणताय?"

"बायकोला," म्हणलं. "पण आज तिनं बघितलंच न्हाई की."