कडेचं मेण

नाही, पण मला सांगा, जो माणूस स्वतःचा चहाचा कप कधी विसळत नाही, त्याला नेमकी त्याच दिवशी आवराआवरीची हुक्की का यावी? आमच्या सरांबद्दल बोलतोय मी! परीक्षक यायचे होते हो प्रयोगशाळेत... मला पदवी द्यायची की नाही ते ठरवणारे!

तुम्हाला सांगतो, माझं काम एवढंसं. नखाएवढी स्फटिकाची चकती, तिच्या एका टोकाला आवाज सोडायचा... कानाला ऐकू येत नाही तो, आणि "मग आवाज कसला?" असं विचारू नका, ते सासऱ्यांनी विचारून झालंय... तो चकतीच्या पाठीवरून सरपटत जातो आणि जाताजाता इलेक्ट्रॉनांना पुढे लोटत नेतो. लोटले, की मीटरवर करंट दिसतो. संपलं!

आता सासऱ्यांचा धंदा घरसामान हलवायचा. लोखंडी कपाट जिन्यावरून पाचव्या मजल्यावर चढवणारा माणूस! पहिल्याच भेटीत म्हणाले, "जावईबापू, या इलेक्ट्रॉनचं वजन किती?" सांगितलं. त्यांनी बोटांवर शून्यं मोजली. मग म्हणाले, "आणि तो हलत नाही?" तेव्हापासून रोज ताटावर बसलं की, "मग? हलले का?" ऐकून घ्यावं लागतं, कारण राहतो त्यांच्याच घरी! पदवी मिळेल, मग नोकरी, मग आपलं घर... बायकोनं पडद्यांचा रंगसुद्धा ठरवलाय.

आणि हलले हो! आधी काय व्हायचं, आवाज पलीकडच्या कडेवर आपटून परत यायचा आणि पुढे नेलेले इलेक्ट्रॉन मागे आणून ठेवायचा. बेरीज शून्य. म्हणून मी कडेला मेणाचा ठिपका लावला, नेमका बसायला दोन दिवस लागले. आवाज मेणात शिरला की जिरला! करंट दिसला, मी मीटरसमोर रडलो, खोटं कशाला सांगू?

आणि त्या दिवशी सर आले, चकतीवर डोळे बारीक केले... "अरे, हे काय खरकटं चिकटवून ठेवलंयस? पाहुणे यायचेत!" कापसाचा बोळा साफसफाईच्या औषधात बुडवला आणि मी "स..." म्हणेपर्यंत ठिपका साफ! "सर, ते मेण..." "नंतर, नंतर! आले ते!"

परीक्षक बाईंनी चष्मा सावरला. "करंट कुठाय?" मीटर शून्य. मी म्हटलं, "बाई, कडेला ना, मेण होतं..." "मग गेलं कुठे?" आता काय सांगू? सर शेजारीच उभे, हातात बोळा! बाई म्हणाल्या, "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

सगळे गेल्यावर सरांनी खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "विचार केला मी. आवाज कडेवरून परत येत असणार, बरं का! तू असं कर... कडेला जरा मेण लावून बघ."

मी म्हटलं, "वा सर! कसं सुचतं हो तुम्हाला?"

घरी आलो. बायकोनं तोंडाकडे पाहिलं आणि पडद्यांची कापडं मुकाट्यानं कपाटात ठेवली. सासऱ्यांनी माझ्यासाठी पाट सरकवला, पाणी भरलं, आणि...

"मग? हलले का?"

"हलले, बाबा. पार कडेपर्यंत गेले... आणि आले परत इथेच."