वय एकाच गालाले होते का?

कोणी म्हणून विश्वास ठेवला नाही बाप्पा माह्यावर! डाव्या गालावर चिंचोक्याएवढे भुरे डाग, आधी एक, मंग तीन, मंग पाच... मी बोंबलून राहिली, तं सून भूमिका मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "आई, वय झालं तुमचं." नवरा म्हणते, "वय झालं." आता तुम्हीच सांगा, वय एकाच गालाले होते का? उजवा गाल पाहा माहा, कसा गुळगुळीत!

प्रताप नगरात रस्त्याच्या कडेले माहं भाजीचं दुकान. एक दिवस नेहमीच्या बाईनं मेथी उचलली, माह्या गालाकडे पाहिलं, "पसरते का हो हे?" म्हणून जुडी खाली ठेवली अन् गेली शेजारच्या ठेल्यावर! गिऱ्हाईकच तुटलं तं खावं काय?

तुळसाबाई शेजारीण म्हणते, "निंबू घास वं." घासलं! अन् तसंच जाऊन बसली उन्हात! अशी आग झाली, डाग अजूनच काळे. नवरा म्हणते, "वय झालं." अहो, कालच्यापेक्षा आज? अन् तेही एकाच गालाले?

शेवटी नवऱ्यालेच घेऊन गेली चामडीच्या डॉक्टरीनकडे. पोरगीच ते, पण गालाले हात लावून पाहिलं तिनं! "मावशी, रोग नाही, कोणाले लागत नाही. उन्हाचे डाग आहेत. ऊन डावीकडूनच येते का?"

"हो ना माय!" मले तं रडूच आलं.

"दुकानावर छत्री नाही?"

"आहे ना. सांभारावर." तेच, कोथिंबीर तुमची.

पोरगीचा पेन थांबला. नवरा म्हणते, "उन्हानं सांभार सुकते ना मॅडम."

"अन् मावशी?"



सकाळी उन्हाची क्रीम, रात्री मलम, निंबू बंद, सावलीत बसा, महिने लागतील, पूर्ण जातील असं नाही... सारं ऐकलं. दुसऱ्या दिवशी छत्री माह्यावर! राणीच झाली मी! दीड तास. मंग ऊन फिरलं, वर पाहतो तं छत्री गायब, सांभारावर!

"काहून जी?"

"तुले मलम दिलं ना डॉक्टरीननं, सांभाराले कोण देईन?"

सत्तावीस वर्षं झाली लग्नाले, उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव घेतलं नाही मी. पण आता कोणी विचारलं ना, "गालाले काय झालं वं जिजाबाई?", तं वय नाही सांगत मी. तोंड भरून सांगतो...

बळीराम!