पान उलटल्याचा आवाज

मुलगी: थांबा, अजून नाही आलं. बारा सेकंदांनी येतं.

वडील: काय येतं?

मुलगी: ऐका तर खरं. हं... हे! ऐकलंत?

वडील: नाही.

मुलगी: साफ खोटं. तुमच्या भुवया वर गेल्या, बाबा.

वडील: या वयात भुवया कशानंही वर जातात. तू कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून बोलावलंस ना? मला त्यातलं काय कप्पाळ कळतंय? तंत्रज्ञाला बोलाव.

मुलगी: कॉम्प्युटर ठणठणीत आहे. ही एक पट्टी दाबली की सोळा व्हायोलिन एकदम वाजतात, खऱ्या माणसांनी वाजवलेली. कुणीतरी सोळा जणांना एका खोलीत बसवलं, एकेक सूर वाजवून घेतला आणि...

वडील: आणि डब्यात भरून विकला. माहितीय मला. डबाबंद व्हायोलिन. तुझ्या असल्या डब्यांनीच आमची कामं गेली.

मुलगी: हा डबा मी गेल्या महिन्यात घेतला. सिनेमातला एक प्रसंग आहे. एक बाई रिकाम्या घराला कुलूप लावून निघते. चार मिनिटं, एक शब्द नाही. दिग्दर्शिकेला एकच सूर हवाय, कधी सुरू झाला ते कळू नये आणि हळूहळू बदलत जावा. म्हणून हे लांब सूर. पट्टी दाबून ठेवली की चाळीस सेकंदांत आपोआप बदलतो. आधी नुसती हवा, मग धार येते.

वडील: आपोआप कसला? गज हळूहळू तारांखालच्या घोडीकडे सरकवावा लागतो. चाळीस सेकंद, एकाच ओढीत. करून बघ, खांदा निखळतो.

मुलगी: बरीच माहिती आहे की तुम्हाला.

वडील: आयुष्यभर व्हायोलिन वाजवलंय, भाजी नाही विकली.

मुलगी: बाबा, या डब्याबरोबर वादकांची यादी येते. बारीक अक्षरात असते, कोणी वाचत नाही. मी वाचली. सहाव्या नंबरावर तुम्ही आहात.

वडील: एवढं बारीक कशाला वाचायचं?

मुलगी: मला कधी सांगितलं नाहीत.

वडील: सांगण्यासारखं काय होतं त्यात? चार दिवस बसलो, एकेक सूर वाजवला, घरी आलो. धड दोन सूरही सलग नाहीत. त्याला काय वाजवणं म्हणायचं? आणि बाकीचे म्हणाले असते, हाच बघा, आपल्याच पोटावर पाय आणणारा.

मुलगी: सातव्या नंबरावर लांबूकाका आहेत.

वडील: असेल. तो माझ्या शेजारीच बसायचा. तीस वर्षं.

मुलगी: मला आठवतंय. दोघांत नोटेशनचा एक स्टँड. तुम्ही वाजवत राहायचात आणि काका पान उलटायचे.

वडील: आतल्या खुर्चीवरच्यानंच उलटायचं, तशी पद्धतच आहे. त्याचा सूर क्षणभर सुटतो, श्रोत्यांच्या बाजूला बसलेल्या बाहेरच्याचा सुटत नाही. लोकांना कळतही नाही. तो आवाज परत लाव.

मुलगी: लगेच नाही येणार. प्रत्येक सुराचे चार टेक आहेत, आळीपाळीनं येतात. चौथ्या खेपेला हा येतो. मी ती सळसळ धुऊन काढत होते. आवाज स्वच्छ करायचं साधन आहे, दोन मिनिटांत जातं. मग यादी वाचली आणि म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. हा घ्या चौथा.

वडील: हं.

मुलगी: कागद आहे ना?

वडील: कागदच. लंब्यानं पान उलटलं. पण हा टेक तर फेकून दिला होता! बाद म्हणून सांगितलं होतं आम्हाला!

मुलगी: फेकला कुठे? आत्ता वाजला ना तुमच्यासमोर.

वडील: अगं, याच टेकपायी त्याला घरी पाठवला त्यांनी!

मुलगी: म्हणजे?

वडील: तिसरा दिवस होता. एका पानावर आठ सूर, आणि आम्ही दुसऱ्या सुरावरच होतो. पान उलटायचा प्रश्नच नव्हता. मधेच लंब्यानं उलटलं. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला ओरडला, कोणी आवाज केला? टेक वाया गेला. लंब्यानं गज वर केला, म्हणाला मी. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याची खुर्ची रिकामी. पुढे त्याला कुठूनच बोलावणं आलं नाही. असली बातमी फार लवकर पसरते.

मुलगी: म्हणून तुमचं बोलणं बंद झालं? त्यांची चूक, आणि अबोला तुमच्याशी?

वडील: त्याची चूक नव्हती गं.

मुलगी: मग?

वडील: लंब्या कधी कागद बघून पान उलटायचा नाही. माझी मान बघायचा. मी जरा मान हलवली की पान उलटलेलं असायचं. त्या दिवशी माझी मान आखडली होती. तोच सूर सकाळपासून, हलायचं नाही, श्वाससुद्धा जपून. मी नुसती मान मोकळी केली. त्यानं उलटलं.

मुलगी: आणि रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं तेव्हा?

वडील: गप्प बसलो.

मुलगी: का?

वडील: भ्यालो. दुसरं काय? वाटलं, दोघांनाही घालवतील.

मुलगी: अकरा वर्षं झाली, बाबा.

वडील: मला मोजायला शिकवू नकोस. पण मला एक सांग, बाद केलेला टेक ठेवला कशाला?

मुलगी: मागाहून घेतलेले टेक त्याहून वाईट निघाले असतील. कुणाचा तरी सूर हलला असेल, मग त्यातल्या त्यात हाच बरा वाटला असेल.

वडील: माझाच हलला. शेजारची खुर्ची रिकामी, दिवसभर नजर सारखी तिकडेच जायची.

मुलगी: चार वाजता दिग्दर्शिका येतेय. हा आवाज काढायचा की ठेवायचा, ते माझं मी बघेन. तुमचं तुम्ही बघा. काकांचा नंबर आहे?

वडील: पाठ आहे.

मुलगी: बदलला असेल एव्हाना.

वडील: नाही बदलला. मी लावतो मधूनमधून. त्यानं हॅलो म्हटलं की ठेवून देतो.

मुलगी: अहो, काय हे! द्या इकडे. सांगा नंबर. आणि आज ठेवलात ना, तर मी तुमच्याशी अबोला धरीन. स्पीकरवर टाकते.

लांबूकाका: हॅलो. कोण?

वडील: मी.

लांबूकाका: मी कोण? नाव असेल ना काही.

वडील: शेजारच्या खुर्चीवरचा.

लांबूकाका: ...कोण गेलं?

वडील: कोणी गेलेलं नाही रे.

लांबूकाका: मग फोन कशाला केलास? एरवी नुसता श्वास घेऊन ठेवतोस ते बरं होतं.

वडील: तुला कळत होतं?

लांबूकाका: वाजवायच्या आधी जसा नाकानं श्वास घेतोस, तसाच घेतोस. तीस वर्षं कानाशी ऐकलाय.

मुलगी: काका, मी बोलतेय. एक सूर ऐकवायचाय तुम्हाला. फोन कानाला घट्ट धरा.

(ती पट्टी तीनदा दाबून सोडते. चौथ्यांदा दाबून ठेवते. चाळीस सेकंद सूर वाजत राहतो.)

लांबूकाका: हे माझं पान.

वडील: हो.

लांबूकाका: मला तर म्हणाले, सगळं फुकट गेलं.

वडील: ठेवला होता त्यांनी. विकलासुद्धा. आता पोरीच्या सिनेमात येतोय.

मुलगी: तुमची हरकत नसेल तर, काका. नको असेल तर काढते.

लांबूकाका: राहू दे. तेवढंच माझं एकट्याचं आहे त्यात. बाकी सगळे मिसळून गेलेत.

वडील: लंब्या, मी मान हलवली होती.

लांबूकाका: माहितीय.

वडील: आखडली होती म्हणून हलवली. पण हलवली मीच.

लांबूकाका: अरे, माहितीय म्हटलं ना. बघूनच उलटलं होतं.

वडील: मग तेव्हा बोलला का नाहीस?

लांबूकाका: तू बोलशील म्हणून थांबलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबलो. मग गेलो घरी.

वडील: चुकलं माझं. फार चुकलं रे.

लांबूकाका: हं. हे त्या खोलीत म्हणाला असतास तर आपण दोघं मिळून घरी आलो असतो. वाटेत हसलो असतो.

वडील: हो.

लांबूकाका: माझ्या जागी कोणाला बसवलं?

वडील: होता एक नवीन. नंतरही बरेच आले गेले.

लांबूकाका: त्यांना जमायचं? तुझ्या मानेवर पान उलटणं?

वडील: कोणाला सांगितलंच नाही. माझं मीच उलटायचो.

लांबूकाका: तू बाहेरच्या खुर्चीवर. मग तेवढा सूर सुटायचा की तुझा.

वडील: सुटायचा.