मोठं काळीज

चौसष्ट सालचा चैत्र. सांगलीच्या एस.टी. स्टँडवर गोदावरीबाई तासगावच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन जालिंदर बसला होता. तेवढ्यात त्याला गावचा धोंडीबा भेटला.

"पेढं कशाचं रं?"

"आवं तात्या, आमच्या धाकट्या पैलवानाला डाक्टरला दावलं. छातीचा फोटू काढला. डाक्टर म्हनला, काळीज लय मोठं झालंय."

"आसनारच की! रोज हजार जोर मारतोय गडी."

"आता दीड हजार मारायला लावतो. जत्रंची कुस्ती हाय."

"पन त्येचं पाय सुजलं हुतं न्हवं?"

"बैठकांनी भरल्यात त्ये."

"आन् दम लागतोय त्यो?"

"मेहनत कमी पडती. डाक्टर म्हनला, महिनाभर निजून ऱ्हा. पैलवान कवा निजून ऱ्हातोय व्हय!"

गोदावरीबाईंना राहवेना.

"अहो, त्याला जोर मारू देऊ नका. आमच्या यजमानांचंही काळीज असंच मोठं झालं होतं."

"त्ये बी पैलवान?"

"नाही. कारकून होते."

जालिंदर खदखदून हसला.

"मग बाई, कारकुनाला कसं पेलावं एवढं काळीज? घ्या, पेढा घ्या."